दादरमधलं नवं रामेन: सूप जमलंय, वाडगा गार

दादर पश्चिमेला, गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत सव्वीस खुर्च्यांचं रामेनचं, म्हणजे जपानी नूडल सूपाचं, दुकान सुरू होऊन महिना झाला. नऊ खुर्च्या स्वयंपाकघरासमोरच्या काउंटरला, उरलेल्या टेबलांना. दुपारी 12 ते साडेतीन, संध्याकाळी 7 ते 11. टेबल आधी राखून ठेवत नाहीत. शनिवारी रात्री साडेआठला पोचलात तर पाऊण तास फुटपाथवर धरून चाला. दुकान अजून बाळसं धरतंय, त्यामुळे नाव घेत नाही. मंगळवारची दुपार, शनिवारची रात्र आणि एकदा घरी मागवलेलं पार्सल, अशा तीन वेळांत मिळून सात वाडगे तपासले. सोबत तापमान मोजायची काडी होती, आणि सगळ्यात जास्त तिनेच सांगितलं.

निकाल आधीच देऊन टाकू. इथला रस्सा मुंबईत सहसा मिळत नाही इतका चांगला आहे. पण चौदा तास चुलीवर कमावलेलं शेवटच्या दोन मिनिटांत घालवलं जातं.

मेन्यूवर 'सूप निवडा' म्हणून चार नावं दिली आहेत: शिओ, शोयू, मिसो, तोन्कोत्सु. लिहिणाऱ्याने इथे तारे तोडलेत, कारण पहिली तीन सूपं नाहीतच. तीच खरी 'तारे' आहेत. तारे म्हणजे वाडग्याच्या तळाशी घालायचा खारट, घट्ट अर्क. शिओ मिठाचा, शोयू सोया सॉसचा, मिसो आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा. तोन्कोत्सु मात्र डुकराच्या हाडांचा रस्सा. रस्सा स्वतः जवळजवळ अळणी असतो, मीठ येतं ते तारेतून. एका वाडग्याचा हिशेब साधारण असा: 300 मिली रस्सा, 30 मिली तारे, दोन-तीन चमचे वासाचं तेल, 130 ग्रॅम कच्च्या नूडल्स आणि वरचा सरंजाम. मिसळीची उसळ, कट आणि फरसाण जसं वेगवेगळं तयार असतं आणि ताटलीतच भेटतं, तसाच हा प्रकार. म्हणजे तोन्कोत्सुलाही कुठलंतरी तारे लागणारच. ते कुठलं, हे वेटरला सांगता आलं नाही. काउंटरमागच्या कुकने पटकन सांगितलं: शिओ.

तोन्कोत्सु (790 रुपये) ही इथली मिरवायची चीज. ती कशी बनते ते कळलं की कुठे फसते तेही कळतं. हाडं आधी गार पाण्यात भिजवून रक्त काढायचं, मग एक उकळी देऊन ते पाणी फेकायचं आणि हाडं ब्रशने घासायची. ही पायरी आळसाने गाळली की रस्सा करडा पडतो आणि वास येतो तो थेट गोठ्याची आठवण करून देणारा. इथला रस्सा पांढरा आहे आणि वासही स्वच्छ, म्हणजे घासणारा माणूस प्रामाणिक आहे. नंतर बारा ते अठरा तास खळखळून उकळी. आपल्याकडे रस्सा मंद आचेवर ठेवायची सवय, इथे ती चालत नाही. हाडांतलं कोलाजेन विरघळून जिलेटिन होतं, उकळीच्या घुसळण्याने चरबीचे बारीक बारीक थेंब होतात, आणि जिलेटिन त्या थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. रंग पांढरा दिसतो तो या थेंबांमुळे, दुधामुळे नाही. मेन्यूवर 'क्रीमी' छापल्यामुळे शेजारच्या टेबलावर "यात क्रीम किती असतं?" अशी चौकशी झाली आणि वेटर "थोडंसंच" म्हणाला.

असा रस्सा नीट बांधला गेलाय का हे बघायची सोपी खूण आहे. वाडगा पाच मिनिटं तसाच ठेवायचा. वरचा तवंग बारीक राहिला तर ठीक; रुपयाच्या नाण्याएवढे तेलाचे गोळे वेगळे तरंगायला लागले तर रस्सा फुटला. मंगळवारी दुपारी तवंग शेवटपर्यंत जागचा हलला नाही. शनिवारी साडेनऊला मात्र तीन मिनिटांतच गोळे. कारण काउंटरवरून दिसत होतं: मोठं पातेलं संध्याकाळपासून बारीक आचेवर नुसतं ठेवलेलं, ढवळणं नाही. निवांत ठेवला की हा रस्सा हळूहळू फुटतोच. दर थोड्या वेळाने चार-पाच वाडग्यांपुरता रस्सा छोट्या पातेल्यात काढून जोरात उकळला, किंवा वाढण्याआधी हँड ब्लेंडर अर्धा मिनिट फिरवला, तर पुन्हा बांधला जातो. एवढं करायला वेगळा माणूस लागत नाही.

मिठाची गडबडही शनिवारचीच. एकाच टेबलावर एकाच वेळी आलेल्या दोन तोन्कोत्सुंपैकी एक खारट, दुसरं मिळमिळीत. रामेनच्या सूपात मीठ साधारण सव्वा ते दीड टक्का असतं, त्यामुळे पाच-सात मिली तारेचा फरकही जिभेला लगेच कळतो. मंगळवारी कुक मापाच्या पळीने घालत होता. शनिवारी गर्दीत बाटली थेट वाडग्यात उपडी. दुपारी पळी आहे, रात्री नाही, हे चालायचं नाही.

चिकन पायतान (690) हा सातांतला सर्वात भरवशाचा वाडगा निघाला. कोंबडीचा सांगाडा आणि पाय पाच-सहा तास जोरात उकळून केलेला पांढरा रस्सा. भेंडीबाजारात पहाटे पाया सूप प्यायलेल्यांना ओळख पटेल: दोन घोटांनंतर ओठाला ओठ चिकटतात. चव मात्र पायाच्या उलट दिशेने जाते, मसाला शून्य, फक्त कोंबडी, मीठ आणि वरून कोंबडीच्याच चरबीचं तेल. यात कांद्याची पात अगदी बारीक चिरून पाण्यात भिजवून घेतलेली आहे, त्यामुळे तिचा उग्रपणा गेलेला. अशा छोट्या गोष्टींवरून रस्सा करणाऱ्याचा हात कळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने हेच मागवावं.

शोयू (650) हा पातळ, नितळ प्रकार. कोंबडीचा रस्सा उकळी फुटू न देता नव्वद-पंच्याण्णव अंशांवर काढलेला, आणि त्याच्या जोडीला दाशी: कोंबु हे समुद्री शेवाळ आणि सुके मासे. 1908 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी याच कोंबुतून ग्लुटामेट वेगळं काढून त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. आपल्याला हा प्रकार नवा नाही. वांग्याच्या भाजीत मूठभर सोडे घातले की जे होतं, तेच हे. सुक्या माशांतल्या इनोसिनेटची ग्लुटामेटशी गाठ पडली की चव बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. इथल्या दाशीत सुक्या तारलीच्या जातीचे छोटे मासे वापरतात. त्यांची डोकी आणि पोट काढून मग भिजवायचे असतात, नाहीतर रस्सा कडवटतो. दोन्ही वेळा शेवटच्या घोटाला तो कडवटपणा जाणवला. सुकटीवर जीव असलेल्यांना तो खटकणार नाही, इतरांना खटकेल.

आता नूडल्स. त्या इथेच बनवतात आणि त्या चांगल्या आहेत. रंग पिवळसर असल्यामुळे वेटर "अंडं असतं" म्हणतो. कुक म्हणतो नाही, आणि कुकचं बरोबर आहे. पिवळेपणा कान्सुईचा. सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं हे पाणी पापडखाराच्याच गोत्रातलं. मैद्यातली रंगद्रव्यं क्षाराला भेटली की पिवळी पडतात, आणि ग्लुटेन चिवट होतं, म्हणून गरम सूपात बसूनही नूडल्स लगेच विरघळत नाहीत. उडदाचं पीठ पापडखार घालून कुटलेल्या हातांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तोन्कोत्सुच्या नूडल्स सरळ, बारीक आणि कमी पाण्यात मळलेल्या. त्या पन्नास सेकंदांत तयार होतात. पायतान आणि शोयूच्या थोड्या जाड, लहरी, दीड-दोन मिनिटांच्या. शनिवारी शेजारून एक वाडगा "कच्चं आहे" म्हणून परत गेला. तो कच्चा नव्हता. 1958 मध्ये मोमोफुकु आंदो यांनी जपानमध्ये काढलेली पाकिटातली नूडल तेलात तळून वाळवलेली असते. तळताना तिला बारीक छिद्रं पडतात आणि ती पाणी शोषून फुगते, मऊ होते. आपल्याकडे 1983 मध्ये मॅगी आली तेव्हापासून नूडल म्हणजे तोच मऊपणा, हे डोक्यात घट्ट बसलंय. ताजी रामेन नूडल आत किंचित टणक असावीच लागते, कारण सूपात ती पुढची पाच मिनिटं शिजतच राहते. दाताखाली नको असेल तर मागवतानाच 'मऊ' म्हणून सांगा, वीस सेकंद जास्त ठेवतात.

खरी तक्रार शनिवारच्या नूडल्सबद्दल आहे: वरून बुळबुळीत. नूडल उकळायचं पाणी दुपारपासून तेच असलं की त्यात पिठूळपणा आणि क्षार साचत जातो, पाणी कांजीसारखं दाट होतं आणि नूडलवर थर चढतो. पाणी रात्रीत दोन-तीनदा बदलावं लागतं, किंवा वरून ताजं पाणी थोडं थोडं सोडत राहावं लागतं. शिवाय जाळी जोरात झटकायला हवी. तिला एकच हलका झटका देऊन नूडल्स वाडग्यात गेल्या की सोबत पाणीही जातं, आणि चौदा तासांच्या रश्श्यात नळाचं पाणी मिसळतं.

काडीने काय सांगितलं ते आता. रामेन समोर आलं तेव्हा सूप ऐंशी अंशांच्या वर असायला हवं. इथे मंगळवारी टेबलावर 68, शनिवारी टेबलावर 61. काउंटरवर बसल्यावर 76. पातेल्यात रस्सा नव्वदच्या पुढे आहे, मग तीस अंश गेले कुठे?

सगळ्यात आधी वाडग्यात. दिसायला देखणे, जाडजूड, अर्ध्या किलोच्या आसपासचे चिनी मातीचे वाडगे एसीच्या हवेत रॅकवर रचलेले. असा गार वाडगा 300 मिली सूपाचे दहा-बारा अंश सहज खातो. जपानी दुकानांत वाडगे गरम पाण्यात किंवा नूडलच्या बॉयलरच्या कडेवर तापत ठेवतात, आणि तारे घालण्याआधी पुसून घेतात. दुसरा चोर अंडं आणि मांस. दोन्ही फ्रिजमधून थेट वाडग्यात. चाशू, म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस गुंडाळून, दोऱ्याने बांधून, सोया सॉसमध्ये शिजवलेलं. ते गार असतानाच कापावं लागतं, नाहीतर काप फुटतात. पण कापल्यावर तव्यावर किंवा गॅसच्या झोतावर गरम करूनच वर ठेवायचं. इथे चरबी मेणासारखी पांढरी, कडक, आणि ज्या बाजूला काप ठेवलेत त्या बाजूचं सूप उरलेल्यापेक्षा चार अंश कमी. तिसरा चोर वेळ: टेबलावरचे चारही वाडगे एकदम न्यायचे म्हणून पहिला वाडगा काउंटरवर तीन-चार मिनिटं वाट बघत बसतो. तेवढ्यात बारीक नूडलचा कणा मोडतो. रामेन ज्याचं झालं त्याला लगेच द्यायचं असतं, बाकीच्यांनी वाट बघायची. मराठी घरात "सगळ्यांचं येऊ दे, मग सुरू करू" हा शिष्टाचार पक्का, पण इथे तो सोडा. आणि दाराजवळच्या दोन टेबलांवर एसीचा झोत थेट पडतो, ती घेऊ नका.

गरम सूप पिववत नाही, हे खरं नाही. भुरका त्यासाठीच आहे. नूडलबरोबर हवा ओढली की ती खाण्याजोगी होते आणि वास नाकात मागून चढतो. ताकाची कढी आणि आमटी भुरकून वाढलेल्यांना दादरमध्ये हे शिकवायला नको, तरी टेबलावर सगळे शेवया कापल्यासारख्या नूडल्स कापत बसलेले दिसतात.

अंड्याची गोष्ट वेगळी आहे, कारण ते अप्रतिम आहे. साडेसहा मिनिटं उकळून, बर्फाच्या पाण्यात टाकून, सोया सॉस आणि मिरिनच्या (स्वयंपाकातली गोडसर तांदळाची दारू) पाण्यात रात्रभर मुरवलेलं. कापल्यावर बलक मधासारखा ओघळतो, पांढऱ्याची कड चहाच्या रंगाची. दोन दिवस मुरलं तर पांढरं रबरी होतं आणि बलक थिजतो; इथे दोन्ही वेळा वेळ अचूक साधलेली. फक्त वाढण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवलं असतं तर. मेन्मा, म्हणजे आंबवलेले बांबूचे कोंब, पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या वास्त्यांची आठवण देतात. कुरकुरीत, थोडे गोड. नोरीचं, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पान मात्र दोन्ही वेळा मलूल. मुंबईच्या हवेत हवाबंद डबा अर्धा तास उघडा राहिला तरी नोरी कागदासारखी मऊ पडते.

शाकाहारींसाठी एकच वाडगा, तांतान (620): मिसो, तिळाची पेस्ट, सोया दूध, शिताके मश्रूमचा अर्क, वर तिखट तेल. तिखटपणात जी मुंग्या आणणारी चव आहे ती सिचुआन मिऱ्याची, आपल्या तिरफळाच्या भाऊबंदाची. मंगळवारी सुरेख लागला. शनिवारी सूपात बारीक कण होते: सोया दूध खारट मिसोबरोबर उकळलं की फाटतं, ते वेगळं तापवून शेवटी मिसळायला हवं. मागवण्याआधी दोन प्रश्न काउंटरवर विचारा, वेटरला नको. तारेत माशाचा अर्क आहे का, आणि वरचं तेल कोंबडीच्या चरबीचं तर नाही ना? इथे तांतानसाठी दोन्ही वेगळं ठेवलंय. पण नूडल्सच्या जाळ्या सगळ्यांच्या एकच, ज्यांना हे चालत नाही त्यांनी जाऊ नये. 'जैन मिळेल' असंही सांगतात. तिळाच्या पेस्टमध्येच लसूण आहे, त्यामुळे ते कसं मिळेल हा प्रश्नच आहे. किमची रामेन, चीज रामेन वगैरे मंडळी कोरियन मालिका बघून येणाऱ्यांसाठी आहेत. त्यांच्याबद्दल एवढंच, की सूप तेच आहे.

दोघांचं जेवण, दोन वाडगे आणि एक ग्योझा (मोमोसारखा जपानी प्रकार) धरून, करासकट अठराशेच्या आसपास. बिलात 5 टक्के जीएसटीच्या वर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप जोडलेला असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो असा लावता येत नाही. काढा म्हटलं की कुरकुर न करता काढतात. सेवा तशी तत्पर आणि हसतमुख आहे. सर्व्हिस चार्ज नको असेल तर काढायला सांगा, सेवा आवडली तर टीप वाढणाऱ्या मुलांच्या हातात द्या.

पार्सल नीट बांधतात: सूप वेगळं, नूडल्स वेगळ्या, अंडं वेगळं. पस्तीस मिनिटांत नूडल्सचा गोळा होतो, त्याला इलाज नाही, पण घरी सावरता येतो. सूप पातेल्यात उकळीपर्यंत तापवा. तोवर वाडग्यात उकळतं पाणी भरून ठेवा. नूडल्स गाळण्यात घेऊन उकळत्या पाण्यात दहाच सेकंद बुडवा, चॉपस्टिकने मोकळ्या करा, जोरात झटका. वाडग्यातलं पाणी ओता, आधी सूप, मग नूडल्स. सूप मायक्रोवेव्हमध्ये तापवलं तर वर तेल आणि खाली पाणी होतं. आणि पायतान फ्रिजमध्ये ठेवल्यावर जेलीसारखं थिजलं तर ते खराब झालेलं नाही. जिलेटिन भरपूर असल्याची ती पावती आहे. तासाभरात न खाल्ल्यास चाशू मात्र फ्रिजमध्येच ठेवा.

तोन्कोत्सु घेतलंत तर काएदामा, म्हणजे नूडल्सचा दुसरा घाणा, 110 रुपयांत मिळतो. त्यासाठी निम्मं सूप शिल्लक ठेवायचं, आणि नूडल्सबरोबर चमचाभर तारे मागून घ्यायचं, कारण दुसऱ्या खेपेला सूप पातळ झालेलं असतं. सांगायचं ते पहिल्या नूडल्सचे तीन-चार घास उरले असताना. मंगळवारी तो तीन मिनिटांत आला. शनिवारी अकरा मिनिटं लागली, तोवर वाडग्यात काडी 44 वर होती. म्हणून शनिवारी पहिला भुरका मारतानाच सांगून ठेवा.